कागद आजच मागा, तक्रार लेखी करा

रुग्ण आणि नातेवाईकांनो,

उपचारांत हलगर्जीपणा झाला, लेखी संमती न घेता शस्त्रक्रिया झाली, खोटा दाखला दिला गेला किंवा रुग्ण पाठवण्याचे कमिशन घेतले गेले अशी तुमची खात्री असेल, तर गप्प बसू नका. हातही उगारू नका. डॉक्टरवर हल्ला करणे हा महाराष्ट्रात २०१०च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. त्या मारहाणीत तुमची खरी तक्रार मागे पडते आणि आरोपी तुम्हीच ठरता.

आधी कागद हाती घ्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे उलटली, की नोंदी जपण्याचे हे बंधन संपते. म्हणून केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, संमतीपत्र, डिस्चार्ज कार्ड आजच लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. कागद नाकारणे हेही गैरवर्तनच आहे.

मग योग्य दार ठोठावा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जाते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. बोगस डॉक्टरचे नाव कोणत्याच नोंदवहीत नसते, त्याची तक्रार थेट पोलिसांकडे करा.

कौन्सिलपुढे डॉक्टरलाही बाजू मांडण्याचा, वकील देण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो असायलाच हवा. म्हणून तक्रारीत राग नको. तारीख, वेळ, औषध, कोण काय म्हणाले, हे क्रमाने लिहा. सुनावणीची नोटीस आली की हजर राहा. दोष सिद्ध झाला तर कौन्सिल ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काही काळासाठी किंवा कायमचे काढू शकते. नाव निघाले, की वैद्यकीय व्यवसाय करता येत नाही. निकाल सहा महिन्यांत लागावा असे नियमच सांगतो; उशीर झाला तर त्याच नियमाचा हवाला देऊन लेखी विचारणा करा.

नुकसानभरपाई मात्र कौन्सिल देत नाही. त्यासाठी ग्राहक आयोग आहे आणि तिथे मुदत दोन वर्षांची. कौन्सिलच्या निकालाची वाट पाहत ती घालवू नका.

एक अन्याय अजून शिल्लक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात राज्य कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध अपिलाची तरतूद डॉक्टरसाठी आहे, तक्रारदार रुग्णाचा तिथे उल्लेखच नाही. दोन्ही बाजूंना अपिलाचा समान हक्क मिळालाच पाहिजे. आपल्या खासदाराला या दुरुस्तीसाठी पत्र लिहा.

प्रामाणिक डॉक्टरांनो, ही सुनावणी तुमच्याही प्रतिष्ठेचे रक्षण करते. रुग्णाला कागद द्या, कौन्सिलला सहकार्य करा.

आणि ज्यांच्या घरात अशी तक्रार मनात दाबून ठेवलेली आहे त्यांनी उद्यावर ढकलू नये. नोंदींसाठीचा अर्ज आजच लिहा.