सांगणारं माणूस हवं

संग्रहालय म्हटलं की आपल्याला आठवतात काचेची कपाटं आणि ‘हात लावू नये’ची पाटी. पाहुणे आले की आपण त्यांना थिबा पॅलेस दाखवतो, फोटो काढतो, की झालं!

मध्यंतरी आमच्या बचत गटाच्या बायकांना तिथे नेलं, तेव्हा सोबत आमच्या आळीतले पंच्याहत्तरीचे एक काका होते. दारातच म्हणाले, “हा वाडा दिसायला देखणा, पण होता तुरुंगच हो!” इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला राण्या-मुलींसह देशाबाहेर काढून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा १९१० साली झाला. १९१६ साली राजा इथेच वारला. मधल्या काळात, १९०८ ते १९१४, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात. त्यांचा राजा आपल्याकडे, आपला लोकमान्य त्यांच्याकडे!

राजाचे रत्नजडित दागिने-भांडी लंडनच्या म्युझियममध्ये होती. ती १९६४ साली ब्रह्मदेशाला परत मिळाली, हेही काकांकडूनच कळलं.

एकीने विचारलं, “मुलींच्या लग्नांचं काय हो झालं?” मग थोरल्या राजकन्येची कहाणी निघाली. वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर तिचं मन जडलं. १९१९ साली कुटुंब मायदेशी गेलं, पण ती रत्नागिरीला परतली. तिची लेक टुटू इथेच, आपल्यासारखं मराठी बोलत, गरिबीत संसार करत म्हातारी झाली. ऐकताना आमच्या बायकांचे डोळे पाणावले. राजाराणीची गोष्ट एकदम घरातली झाली.

मैत्रिणींनो, हे सगळं पाटीवर मावत नाही. त्याला सांगणारं माणूस लागतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये स्वयंसेवक हौसेने लोकांना दालनं फिरवून दाखवतात. मग आपल्याकडे का नको? निवृत्त शिक्षिका, जुने पोस्टमन, गोष्टीवेल्हाळ आज्या गावोगाव आहेत. सरकारने त्यांना रीतसर बसवावं, थोडं मानधन द्यावं. पण सरकारची वाट बघत बसलो तर ही माणसं राहतील का? त्यांच्याबरोबर गोष्टीही जातील.

तेव्हा या सुट्टीत मुलांना पॅलेस दाखवायला न्याल, तेव्हा घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसालाही रिक्षात बसवा. तिकिटापेक्षा त्याचीच गरज जास्त आहे.