छप्पर आपलं, मीटर आजोबांचा

आमच्या गच्चीवर आता सहा सोलर पॅनेल आहेत. ते बसवायला दोन दिवस लागले. त्याआधीच्या कागदपत्रांना सात महिने लागले.

कारण साधं होतं. आजोबांचा इंतकाल होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी विजेचं बिल त्यांच्याच नावानं येत होतं. दर महिन्याला आम्ही ते भरत होतो आणि नाव बदलायची गरज कुणालाच वाटत नव्हती. सोलरचा अर्ज करायला बसलो, तेव्हा कळलं की बिलावर ज्याचं नाव, अर्ज त्याचाच. नाव बदलायचं तर घराचा कागद हवा. घराचा कागदही आजोबांच्याच नावावर. मग वारसनोंद, मग सगळ्या वारसांची संमती. सहीसाठी अब्बा फुफीकडे गेले. ती म्हणाली, "भाईजान, सही करते. पण घरात माझाही हिस्सा आहे, हे त्या कागदावर येणार आहे, की तुम्हाला नुसती सहीच हवी आहे?"

अब्बांकडे उत्तर नव्हतं. एकोणीस वर्षं हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी मिळून टाळला होता. शेवटी वारसनोंद फुफीच्या नावासकट झाली आणि मगच मीटरचं नाव बदललं. हे सगळं सांगायचं कारण आमचं घर नव्हे. आपल्या मोहल्ल्यांत अशी किती घरं असतील, आणि नियम बदलायच्या आत ती रांगेत उभी राहू शकतील का, हा प्रश्न आहे.

नेट मीटरिंग ही सोय मुळात सोपी आहे. दिवसा पॅनेल वीज तयार करतात. घरात लागेल ती वापरायची, उरलेली तारेतून वीज कंपनीकडे जाते. रात्री आपण कंपनीची वीज घेतो. महिन्याच्या शेवटी दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट यांची वजाबाकी होते आणि फरकाचंच बिल येतं. स्थिर आकार भरावा लागतोच, पण बाकी बिल जवळजवळ पुसलं जातं. थोडक्यात, दुपारचं एक युनिट रात्रीच्या एका युनिटाइतक्याच मोलाचं धरलं जातं. सगळा फायदा या एका वाक्यात आहे, आणि नियम बदलतात तेव्हा घावही याच वाक्यावर बसतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हे घडून गेलं आहे. तिथल्या आयोगानं १५ डिसेंबर २०२२ रोजी ठरवलं की यापुढे घरातून ग्रिडला दिलेल्या विजेला किरकोळ दर मिळणार नाही, त्या वेळी त्या विजेची यंत्रणेला जेवढी किंमत, तेवढीच मिळेल. दिलेल्या युनिटांचा मोबदला सरासरीनं साधारण तीन चतुर्थांश घटला. पण आयोगानं एक तारीखही दिली होती. १४ एप्रिल २०२३ पर्यंत ज्यांचा जोडणीचा अर्ज रीतसर दाखल होईल, त्यांना जुना नियम २० वर्षं लागू राहील. पॅनेल त्या दिवशी छपरावर असण्याची अट नव्हती. ते बसवायला पुढे तीन वर्षं होती. अर्ज मात्र सही, आराखडा आणि जोडपत्रांसह पूर्ण हवा होता. शेजारी शेजारी दोन घरं, तेच ऊन, तेच पॅनेल. एकाचा अर्ज १४ तारखेचा, दुसऱ्याचा १५ तारखेचा. दोघांचा हिशोब २० वर्षांसाठी वेगळा.

नेवाडा राज्यात याहून वाईट झालं. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या आयोगानं नवा, तोट्याचा दर आधीपासून पॅनेल बसवलेल्या घरांनाही लावला. ज्यांनी जुन्या नियमाच्या भरवशावर पैसे घातले होते, त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. लोक भडकले, सुनावण्यांना गर्दी झाली, प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना २० वर्षांचं संरक्षण परत मिळालं आणि २०१७ मध्ये विधिमंडळानं कायदा करून नव्या ग्राहकांसाठीही नेट मीटरिंग पुन्हा आणलं. ते आपोआप मिळालं नाही. लोकांनी मागितलं म्हणून मिळालं.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात घरगुती छतांसाठी नेट मीटरिंगचे नियम २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये नव्यानं लिहिले गेले. २०१९ च्या मसुद्यात ही सोय आक्रसण्याचे प्रस्ताव होते. हरकतींचा पाऊस पडला आणि अंतिम नियमांत घरांसाठी नेट मीटरिंग टिकलं. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणनं पुढच्या पाच वर्षांच्या दरांची याचिका आयोगापुढे ठेवली. तिच्यात सोलरची वीज फक्त सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरातूनच वजा करायचा प्रस्ताव होता. पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या. २८ मार्च २०२५ रोजी दराचा आदेश आला, काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली आणि २५ जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. तीन महिन्यांत एवढ्या उलथापालथी. यातून एवढंच शिकायचं की हा नियम दगडावरची रेघ नाही.

दिवसाच्या वापरातूनच वजाबाकी, याचा अर्थ आपल्या घरात काय होतो ते बघू. तीन किलोवॅटचे पॅनेल महिन्याला साधारण ३५० युनिट देतात, पावसाळ्यात कमी. समजा, घराचा वापर ३०० युनिट आहे. त्यातले १०० दिवसा, २०० संध्याकाळ ते सकाळ. आजच्या पद्धतीत ३०० च्या ३०० पुसले जातात. नव्या पद्धतीत फक्त दिवसाचे १०० पुसले जातील. रात्रीच्या २०० युनिटांचं बिल येईल आणि दुपारी दिलेले २५० युनिट वर्षअखेरीच्या कमी दराची वाट बघत पडून राहतील. तीन-चार वर्षांत फिटणारा खर्च मग आठ-दहा वर्षांवर जातो.

आणि रात्रीचा वापर कुणाचा जास्त? ज्यांच्या घरातली माणसं दिवसा दुकानात, गॅरेजात, कारखान्यात असतात त्यांचा. एका खोलीत सहा जण झोपतात आणि पंखा रात्रभर चालतो त्यांचा. रमजानमध्ये तर तरावीहपासून सेहरीपर्यंत घर जागंच असतं. असा नियम कागदावर सगळ्यांना सारखा दिसतो, पण त्याचा भार सारखा पडत नाही.

वीज कंपन्यांची बाजू मात्र आपण ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पूर्ण खोटी नाही. त्या म्हणतात, सोलरवाला रात्री आमच्या तारा वापरतो, आमचं ग्रिड बॅटरीसारखं वापरतो आणि बिल मात्र शून्याजवळ भरतो. तारांचा, रोहित्रांचा, माणसांचा खर्च मग उरलेल्यांवर पडतो. कॅलिफोर्नियातही मुख्य युक्तिवाद हाच होता. हे उरलेले कोण? आपल्याच मोहल्ल्यातले भाडेकरू, चाळीतल्या खालच्या मजल्यावरची कुटुंबं, ज्यांना स्वतःचं छप्पर नाही. त्यांच्या बिलाचा विचार न करता "आमचं नेट मीटरिंग जसंच्या तसं ठेवा" एवढीच मागणी करणं मला पटत नाही.

पण त्यावरचा उपाय छोट्या घरांवर अचानक कुऱ्हाड चालवणं हाही नाही. माझ्या मते मागण्या तीन असाव्यात. नियम बदलायचा तर पुरेशी आधी तारीख जाहीर करा. त्या तारखेपर्यंत अर्ज केलेल्यांना ठरावीक वर्षं जुना नियम द्या. आणि १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती छतांना मोठ्या बंगल्यांच्या आणि कारखान्यांच्या मापानं मोजू नका. ज्यांना छप्पर नाही त्यांच्यासाठीही आजच एक वाट आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट सोलरवर गेली, तर देखभालीचा खर्च कमी होतो आणि तो फायदा भाडेकरूपर्यंतही नेता येतो. सोसायटीच्या सभेत हा विषय मांडायला कुणीतरी उभं राहायला हवं. ते तुम्हीच का नसावं?

घरांसाठी याच योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये मिळतात. योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आणि तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. म्हणजे घड्याळं दोन चालू आहेत, एक अनुदानाचं आणि दुसरं नेट मीटरिंगच्या नियमाचं.

अडचण पैशाचीही आहे. तीन किलोवॅटला दीड ते दोन लाख लागतात आणि अनुदान मीटर बसल्यावर खात्यात येतं. म्हणजे आधी सगळी रक्कम आपणच उभी करायची. बँका कर्ज देतात, पण व्याजाचं कर्ज नको असणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना "मग बसा तसेच" म्हणणं सोपं आहे. आमच्या गल्लीत चार घरांनी भिशी लावली. पहिला नंबर ज्याचे कागद तयार त्याचा. अनुदान आलं की ते भिशीत परत, मग पुढच्या घराचा नंबर. मोठी क्रांती नाही, पण दोन छतं झाली आहेत.

दुसरी अडचण घाईचा धंदा करणाऱ्यांची. "आजच सही करा, उद्या योजना बंद" असं सांगत फिरणारे विक्रेते प्रत्येक तारखेच्या आधी उगवतात. विक्रेता राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते बघा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, मोबाईलवर आलेला ओटीपी कुणाला सांगू नका. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे असावे लागतात, ते बिलावर लिहून घ्या. वर्षभराची बिलं समोर ठेवून क्षमता ठरवा, विक्रेत्याच्या तोंडाकडे बघून नाही. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट उघडी, सावली नसलेली जागा लागते. शेजारच्यानं उद्या मजला चढवला तर काय, हेही आजच बघा.

घाई आणि तयारी यांत फरक आहे. घाई पॅनेलची नको, तयारी कागदांची हवी. बिलावरचं नाव हयात माणसाचं आहे का? आधार, बँक खातं आणि बिल यांतलं स्पेलिंग जुळतं का? शेख, शेक आणि शैख अशा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या एका नावामुळे अर्ज अडतात. थकबाकी आहे का? गच्चीचा हक्क कुणाचा, ते लिहिलेलं आहे का? केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी न करता मंजुरी गृहीत धरली जाते. म्हणजे अडथळा बहुतेक वेळा वीज कंपनीच्या टेबलावर नसतो, आपल्या कपाटात असतो. अर्ज केल्यावर पोच जपून ठेवा. नेट मीटरिंगचा करार सही करण्याआधी वाचा. त्यात मुदत किती लिहिली आहे, पुढे नियम बदलले तर कराराचं काय होईल, हे बघा. उद्या वाद झाला, तर अर्जाची तारीख आणि हा करार एवढंच तुमच्या हातात असेल.

आणि एक काम पॅनेल नसलेल्यांनीही करायचं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात. जाहीर सूचना मराठी वृत्तपत्रांत येते, याचिकेचा सारांश मराठीत मिळतो, हरकत मराठीत लिहिता येते. वकील लागत नाही. आपल्या वस्तीतल्या रात्रपाळीच्या, शिलाई मशीनच्या, भाड्याच्या खोलीच्या वापराबद्दल आपण लिहिलं नाही, तर आयोगापुढच्या कागदांत ती घरं असणारच नाहीत. सगळे प्रश्न आपल्यावरच्या अन्यायाचे असतात असं नाही. काही प्रश्न सुनावणीच्या दिवशी आपण हजर नसतो एवढ्यामुळेच आपले होतात.

आमचा नवा मीटर अम्मीच्या नावावर आहे. घराच्या कागदावर फुफीचं नाव आहे. ईदला ती आली तेव्हा गच्चीवर चढून पॅनेल बघून आली आणि म्हणाली, "माझ्या हिश्श्याचं ऊन कुठलं?" सगळे हसले, अब्बाही.

आज घरी गेलात की कपाटातलं विजेचं बिल काढा. आकडा नंतर बघा. आधी वरचं नाव वाचा.