चार पर्यायांत कोंडलेली जिज्ञासा

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण घेतले. ७२० जिल्हे, सुमारे १ लाख १८ हजार शाळा, ३४ लाख मुले. तिसरी, पाचवी, आठवी व दहावी हे वर्ग त्यासाठी निवडले होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग त्या दिवशी उघडलेलेच नव्हते. त्यांना १ डिसेंबरचा मुहूर्त लाभायचा होता. शाळा बंद, पण शाळेचे मोजमाप मात्र वेळापत्रकाबरहुकूम!

मोजमापाचे साधन तरी कसले? एक प्रश्न, खाली चार पर्याय, आणि काळे करावयाचे एक वर्तुळ. मुलाने स्वतः निरीक्षण करावे, शंका काढावी, करून पाहावे, हा विज्ञानशिक्षणाचा हेतू शासनाच्याच २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्याने मान्य केला आहे. ज्या मुलाच्या हाती कधी भिंग पडले नाही की परीक्षानळी, त्याची शोधक वृत्ती वर्तुळ काळे केल्याने कशी कळावी? जिल्ह्यांची उतरंड तेवढी लागते, आणि तळाच्या जिल्ह्यातील शिक्षकाला जाब विचारण्याची सोय होते.

राष्ट्रीय पाहणीत प्रयोग घेणे अव्यवहार्य आहे, असे उत्तर अधिकारीवर्ग देईल. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकातील पाहण्यांत निवडक मुलांपुढे साहित्य मांडून त्यांच्याकडून प्रयोग करवून घेत. तो धनिक देश म्हणून सोडून द्यावा, तर मध्य प्रदेशातील होशंगाबादचे काय? १९७२ साली तेथील १६ ग्रामीण शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात मुले पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा देत आणि प्रयोगांची परीक्षा निराळी होई. खेड्यांतल्या साध्या सरकारी शाळांत हे तीस वर्षे चालले. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद पाडला तो राज्य शासनाने.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘परख’ या नव्या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या २१ लाखांवर मुलांची पुन्हा पाहणी झाली. नाव बदलले, वर्ग बदलले; वर्तुळे तीच राहिली.

२०२१ च्या पाहणीतच २४ टक्के मुलांच्या घरी शिक्षणासाठी कोणतेही डिजिटल साधन नव्हते, असे आढळले होते. गुणांच्या गदारोळात हा आकडा कोणाच्या ध्यानी राहिला? जिल्ह्याच्या गुणांशेजारी तेथील रिक्त शिक्षकपदे आणि प्रयोगसाहित्याची स्थिती छापलीच पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांना आपापल्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील बैठकीतच ठरावरूपाने मांडता येईल.