ताटातील भाकरी आणि रक्तातील साखर

मधुमेहाचे निदान झाले की वऱ्हाडातील मध्यमवर्गीय घरात उपदेशकांची वाण पडत नाही. एक म्हणतो, उष्मांक मोजा. दुसरा म्हणतो, पोळी-भात बंदच करा. तिसरा सांगतो, दिवसातून दोनदाच जेवा. हे तिसरे मत तर विदर्भाच्याच मातीतले, नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेले आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेले. या गदारोळात अमरावती-अकोल्याच्या गृहिणीने चूल कोणत्या शास्त्राप्रमाणे पेटवावी?

उष्मांकवाद्यांच्या हाती २०१७ साली प्रसिद्ध झालेला ब्रिटनमधील प्रयोग आहे. दिवसाला जेमतेम ८५० उष्मांकांचा आहार तीन ते पाच महिने दिल्यावर, वर्षअखेरीस ४६ टक्के रुग्णांची साखर औषधांविना मर्यादेत राहिली. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले आणि पाच वर्षांनी त्याहून बरेच घसरले. वजन परतले तशी साखरही परतली. कर्बोदकविरोधकांची कथा याहून फार निराळी नाही. २०२१ साली २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा सहा महिन्यांपर्यंत त्यांची आघाडी स्पष्ट दिसली. वर्षभरात ती ओसरली. म्हणजे कोणता पंथ श्रेष्ठ, यापेक्षा कोणते ताट माणूस दहा वर्षे निभावू शकेल, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय ब्रिटिश प्रयोगातील रुग्णांचे सरासरी वजन शंभर किलोच्या घरात होते. आपल्याकडील मधुमेही पुष्कळदा अंगाने किरकोळ आणि पोटाने तेवढा सुटलेला असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे २००४ साली प्रसिद्ध झालेले उदाहरण बोलके आहे. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! अशा देहाला केवळ उपाशी ठेवले तर चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही झिजण्याचा धोका असतो. चरकाचार्यांनी स्थूल आणि कृश प्रमेही वेगळे मानून, एकाला संशोधन आणि दुसऱ्याला बृंहण सांगितले होते. आज सर्वांना एकच तक्ता वाटणाऱ्यांनी एवढा विवेक तरी दाखवावा.

आता वऱ्हाडच्या ताटाकडे पाहू. कपाशीच्या जोडीने ज्वारी पिकविणारा हा प्रदेश. सोयाबीन आले, ज्वारीचे क्षेत्र आटले आणि भाकरीची जागा पोळीने घेतली. त्यामुळे ‘भाकरीकडे परत चला’ ही हाक मनाला भावते. परंतु येथे एक अप्रिय सत्य स्वीकारावे लागते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आहारविषयक निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. भारतीयांची ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यांचा एकूण वाटा कमी न करता तांदळाऐवजी गहू वा भरडधान्य घेतल्याने मधुमेहाची जोखीम घटलेली दिसली नाही. कर्बोदकांचा थोडा भाग डाळी-दुधाच्या प्रथिनांनी भरून काढला, तेथे मात्र ती कमी दिसली. याच पाहणीवर आधारित २०२२ च्या अभ्यासाने मधुमेह्यांसाठी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्के सुचविला होता. पाश्चात्त्यांच्या टोकाच्या आहारापासून हे कोसभर दूर आहे आणि शाकाहारी घरालाही झेपणारे आहे.

तेव्हा दोन भाकरींची एक करावी आणि पिठले, वरण, उसळ दुप्पट वाढून घ्यावी. तुरीच्या डाळीत प्रथिने ज्वारीच्या सुमारे दुप्पट. ज्या अकोल्यात डाळीच्या गिरण्या अहोरात्र चालतात, त्याच अकोल्यात वरण पातळ होत जावे, हा दैवदुर्विलास नव्हे काय? अर्थात त्यामागे पैशाचाही प्रश्न आहे. शिधापत्रिकेवर फुकट मिळतात ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ बाजारभावाने घ्यावी लागते. गरीब मधुमेह्याला आहारशास्त्र शिकविण्यापूर्वी शासनाने हे धोरण तपासलेले बरे.

मध्यमवर्गाला मात्र ही सबब नाही. त्याची अडचण आग्रहाची आणि उपवासाची आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शेंगदाण्याचे कूट तेवढे काय ते तारते. पाहुण्याच्या पानात ‘नाही’ म्हटल्यावरही पडणारा श्रीखंडाचा डाव ही माया खरी, पण ती रक्तात उतरते. आणि जेवणानंतरची वामकुक्षी? बसण्याचे सुख आणि झोपेचे सुख चरकांनी प्रमेहाच्या कारणांत आवर्जून गणले आहे. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वारसा सांगणाऱ्या अमरावतीकराला जेवणानंतर अर्धा कोस चालणे जड वाटू नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणाऱ्या गोळ्या चालू असताना भाकरी अचानक निम्म्यावर आणली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाणही वैद्यानेच ठरवावे लागते. ताट बदलण्याच्या आधी औषधाची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि पहिले काही आठवडे घरी साखर तपासून तिची नोंद ठेवावी.