चाचणी कुणावर, औषध कुणाला?

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० छायाचित्रांवर शिकवलेली संगणकप्रणाली त्वचेचा कर्करोग ओळखण्यात २१ तज्ज्ञांच्या तोडीची ठरली, तेव्हा, म्हणजे २०१७ साली, मोठा गाजावाजा झाला. पुढे २०२२मध्ये स्टॅनफर्डच्याच अभ्यासात अशा प्रणाली गडद त्वचेवर अडखळल्या. नवल कसले? अशा चित्रसंग्रहांत उजळ त्वचेचाच भरणा असतो. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग कमी, पण होतो तो अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली. तिथे कोण बघतो!

लठ्ठपणा आणि हृदयविकाराच्या संशोधनातही हेच दुखणे आहे. २०२३च्या ‘सिलेक्ट’ चाचणीत मधुमेह नसलेले, पण आधीच हृदयविकार किंवा तत्सम आजार असलेले १७,६०४ जण होते. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. साध्या हिशेबात ८ टक्क्यांवरून साडेसहा. लाभ खरा आहे, जाहिरातीइतका प्रचंड नाही. मात्र सहभागींत ८४ टक्के गोरे, स्त्रिया जेमतेम २८ टक्के, आणि प्रवेशाची अट बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २७ किंवा अधिक. आपल्याकडे २५लाच लठ्ठपणा धरतात, कारण वजन बेताचे असूनही पोटाभोवती चरबी साठते. अशा माणसाला या औषधाने किती फायदा होईल, हे त्या आकडेवारीतून थेट काढता येत नाही.

ही इंजेक्शने आता आपल्या बाजारात आहेत. ती घेणाऱ्या भारतीय रुग्णांच्या हृदयाची नोंद काही वर्षे ठेवून ती जाहीर करण्याची सक्ती औषध नियंत्रकांनी कंपन्यांवर करावी.