भाता, धुराडे आणि आवाज

तीर्थपुरीच्या मुख्य रस्त्यापासून फार दूर नसलेल्या वर्गात अभ्यस्त शब्द शिकवण्याचा एक लाभ असा, की उदाहरणे आपल्या पायांनी, किंबहुना आपल्या चाकांनी, वर्गात चालत येतात. गेल्या पावसाळी सत्रात आम्ही अनुकरणवाचक शब्दांपाशी होतो. फडफड, किरकिर, गडगड हे फळ्यावर लिहून झाले होते आणि ‘फटफटी’ या शब्दावर आलो होतो. वाहनाला त्याच्या आवाजावरून नाव देणारी आपली भाषा किती सजग कानाची आहे, असे काहीसे आम्ही सांगत असतानाच बाहेरून एक बुलेट गेली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आमचे वाक्य अर्धवट राहिले. मागच्या बाकावरून एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला, “सर, जाळी काढलेली आहे.”

हा विद्यार्थी दुपारनंतर एका गॅरेजमध्ये काम करतो आणि त्या पैशांतून स्वतःची फी भरतो. तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला. त्याचे दोन प्रश्न होते. पहिला असा : सुपरचार्जर बसवलेल्या मोटारीला कंपनीचा मॅनिफोल्ड काढून बाहेरचे हेडर बसवतात, असे त्याने मोबाइलवर पाहिले होते; त्याचा खरोखर उपयोग होतो की ती नुसती हौस? दुसरा अधिक अवघड होता : “गिऱ्हाईक जाळी काढ म्हणतं. मी नाही म्हटलं तर ते शेजारच्या दुकानात जातं. मी काय करावं?”

आम्ही मराठीचे अध्यापक. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते, आणि दुसऱ्याचे ठाऊक आहे असा आमचा समज होता. वाचन आणि विचार केल्यावर उलटे आढळून आले. पहिल्याचे उत्तर मिळाले. दुसऱ्याचे जितके सोपे वाटले होते तितके ते नव्हते. प्रस्तुत टिपण त्या दोन्हींविषयी आहे.

एंजिन हवा आत घेते, इंधन जाळते आणि उरलेला वायू बाहेर टाकते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली सरकताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढ्यावरच भागवावे लागते. सुपरचार्जर हा एंजिनाच्याच फिरत्या दांड्यावरून, बहुधा पट्ट्याने, चालवलेला पंप. तो हवा दाबून आत कोंबतो. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. ज्यांनी लोहाराच्या शाळेतील भाता पाहिला आहे त्यांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. निखारा तोच, कोळसाही तोच. भात्याने वारा घातला की लोखंड लाल होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’त ज्या बलुतेदारीची मांडणी केली, त्यातल्या लोहाराला ‘सुपरचार्जर’ हा शब्द माहीत नव्हता. त्यामागचे तत्त्व त्याच्या हातात होते. अमेरिकेत रूट्स बंधूंनी १८६० साली ज्या पंपाचे पेटंट घेतले तोही मुळात मोटारीसाठी नव्हता, हवा फुंकण्याचे ते सर्वसाधारण यंत्र होते. मोटारीत तो भाता पुढे आला.

आता धुराड्याकडे वळू. ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की चुलाण पेटते ते केवळ तोंडाशी सारलेल्या चिपाडामुळे नव्हे. मागचे धुराडे ओढते म्हणून ते पेटते. धुराडे कोंदले की कितीही फुंकले तरी धूर डोळ्यांतच येतो. एंजिनाचेही तसेच. प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त वायू कारखान्यातून येणाऱ्या साध्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये आखूड वाटांनी एकत्र येतो. एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र, शक्यतो सारख्या लांबीची, पोलादी नळी. पुढे या नळ्या एका ठिकाणी मिळतात. साध्या एंजिनात नळ्यांची लांबी नेमकी साधली, तर एका स्फोटाची लाट परतताना पुढच्या वायूला ओढून घेते. सुपरचार्जर असलेल्या एंजिनात या ओढीचे महत्त्व कमी, कारण हवा मुळातच ढकलली जात असते. उलट, दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असताना ओढ फार झाली, तर ताजे मिश्रणच धुराड्यातून निसटते. तेथे हेडरचा मुख्य लाभ दुसराच असतो : अधिक आत गेले आहे, तेव्हा तेवढ्याच वेळात अधिक बाहेर पडले पाहिजे, वाट मोकळी हवी. जळका तप्त वायू आत कमी उरला तर एंजिन ‘नॉक’ होण्याचा धोकाही घटतो.

तेव्हा उपयोग होतो, पण अटींसह. हवेचे गणित बदलले की इंधनाचे गणितही पुन्हा मांडावे लागते. नाही मांडले तर मिश्रण पातळ होते आणि दाबाखाली चालणाऱ्या एंजिनात त्याची किंमत दट्ट्याला मोजावी लागते. पातळ नळ्या बॉनेटखाली अधिक उष्णता सोडतात. सांध्याशी तडा गेला की तेथून गळती होते, आणि प्राणवायू मोजणारा सेन्सर चुकीचे सांगू लागतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या अनेक गाड्यांत वायू शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लागूनच असतो. हेडरच्या नादात तो काढून टाकला तर ती सुधारणा राहत नाही, आपला धूर दुसऱ्याच्या नाकात सोडण्याची सोय होते.

या सर्व वाचनात एका गोष्टीने आम्हांला विशेष थांबवले. हेडर बसवल्यावर पुष्कळदा सुपरचार्जरच्या दाबाचा काटा पूर्वीपेक्षा खाली येतो. मालक घाबरतो : शक्ती गेली! वास्तविक शक्ती वाढलेली असते. काट्यावरचा आकडा एंजिनाच्या शक्तीचा नसतो; आत ढकललेल्या हवेला किती अडथळा झाला, हे तो सांगतो. वाट मोकळी झाली की हवा पुढे जाते आणि दाब उतरतो. जे चढलेले दिसते तेच सामर्थ्य, हा आपला सर्वसाधारण ग्रह यंत्रानेच इतक्या साधेपणाने खोडून काढावा, हे आम्हांला अनेक समीक्षालेखांपेक्षा मोलाचे वाटले.

आता आमच्या रस्त्यावरची बुलेट. तीर्थपुरीत सुपरचार्जर लावलेली मोटार आम्ही पाहिलेली नाही. आपल्याकडे ट्रक आणि डिझेल मोटारींत दिसतो तो टर्बो, आणि तो धुराच्याच जोरावर फिरतो. आमच्याकडचे प्रकरण त्याहून साधे आहे. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये आवाज मोडण्यासाठी पडदे आणि जाळी असते. ती काढायची, किंवा बाजारात ‘पंजाब’, ‘इंदोरी’ अशा नावांनी मिळणारा मोकळा सायलेन्सर चढवायचा. यात नळ्यांच्या लांबीचा विचार नाही, इंधनाचे गणित नाही. कार्ब्युरेटर तसाच ठेवला तर मिश्रण पातळ होऊन एंजिन तापते, सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात आणि चालवणाऱ्याला वाटते गाडीत दम आला. हेडर बसवणारा निदान एंजिनाचा विचार करीत असतो. जाळी काढणारा केवळ रस्त्याचा विचार करतो, म्हणजे रस्त्यावर आपल्याकडे वळणाऱ्या माना मोजतो.

कायदा याविषयी संदिग्ध नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी परस्पर बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड; दोन्ही शिक्षा एकत्रही होऊ शकतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही परिसराची मर्यादा. घोषित शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही हे येथे ध्यानात घ्यावे : दहा डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते. आमच्यापैकी एकाचे वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले आहेत आणि घर रस्त्यावर आहे. रात्री अकरा वाजता अशी गाडी गेली की ते दचकून उठतात आणि पुन्हा झोप लागेपर्यंत मुलाचा हात सोडत नाहीत. त्या हाताची पकड कोणत्याही मापकयंत्रात येत नाही.

एवढे म्हटल्यावर लेख येथेच संपवता आला असता. जप्त केलेल्या सायलेन्सरांवरून पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. तीच शेवटी आठवून आम्हीही मान डोलावली असती. परंतु रोलरखाली पत्रा चपटा होतो, हौस होत नाही. ती कोठून येते, याचा विचार करणे निदान साहित्याच्या अध्यापकांना टाळता येणार नाही.

जाळी काढणारा मुलगा बहुधा वीस-बावीस वर्षांचा असतो. कापूस किंवा उसाचे थोडे रान, दोन-तीन भरती-परीक्षांचे अपुरे निकाल आणि हप्त्यावर घेतलेली गाडी. गावाच्या कोणत्याही बैठकीत त्याचे मत कोणी विचारलेले नसते. ज्या गावात त्याला कोणी ऐकत नाही, त्या गावाला तो दिवसातून दोनदा आपले ऐकायला लावतो. हे समर्थन नव्हे. पण त्याला दटावणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मिरवणुकांचे कर्णे, लग्नांतले डीजे आणि प्रचाराच्या जीपा यांबद्दल गावात कधी असा संताप दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आणि आम्ही समीक्षेचे लोक काय वेगळे करीत आलो? ‘नवा आवाज’, ‘बुलंद आवाज’ हे आमच्या परीक्षणांतले पेटंट शब्द. कवितेतली जाळी कोणी काढली की आम्ही तिला दमदार म्हणतो. आत जळण नीट झाले आहे का, हे क्वचितच पाहतो. नारायण सुर्वे यांचे ‘माझे विद्यापीठ’ १९६६ साली आले ते टिकले. त्यातील कामगाराचा स्वर चढा होता म्हणून नव्हे, त्या स्वरामागे पुरेपूर जळलेले आयुष्य होते म्हणून.

राहिला भाषेचा मुद्दा. त्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला दोन टोकांची मराठी भेटली. परिभाषेतला शब्द ‘निष्कास’. नेमका आहे, पण गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला. दुसरीकडे गॅरेजमधली भाषा : गाडी दम खाते, धूर ओकते, ऑइल पिते, मिसिंग मारते, एंजिन बसते, हेड खोलतात. येथे यंत्राला श्वास आहे, पोट आहे, थकवा आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हापासून यंत्र आमच्या अभ्यासक्रमात आहे; पण ते बहुतेक वेळा माणसाला चिरडणारे. यंत्राशी रोज सलोख्याने वागणाऱ्या, त्याची नाडी पाहणाऱ्या माणसाची मराठी आम्ही अद्याप भाषा म्हणून वाचलेली नाही. परिणामी ज्या मुलाला एंजिनाविषयी कुतूहल आहे त्याला खोल उत्तर हवे असेल तर इंग्रजीत जावे लागते, आणि मराठीत त्याच्या वाट्याला येते ती फक्त जाळी काढण्याची कसरत. हे आम्हांला जाळीइतकेच गंभीर वाटते.

आमचे मत असे. जाळी काढू नये. त्याला सबब नाही. मात्र दंडाचे ओझे ज्याने गाडी वापरली आणि ज्याने असा सायलेन्सर उघड्या दुकानात विकला त्यांच्यावर पडावे. रोजावर पाना फिरवणाऱ्या पोरावर नव्हे. आणि ज्ञान मराठीत, गॅरेजच्या शब्दांत, त्याच्यापर्यंत पोचवण्याचे काम इतर कोणी करील म्हणून वाट पाहू नये. भात्याचे आणि धुराड्याचे वरचे स्पष्टीकरण आम्ही प्रथम त्याला वाचून दाखवले. त्याने दोन ठिकाणी आम्हांला दुरुस्त केले. ते बदल वर आले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यानेच शोधले, आणि ते अर्धेच आहे. तो आता गिऱ्हाइकाला आधी मिश्रणाचे आणि एंजिन तापण्याचे सांगतो. काहीजण ऐकतात, एकाने काढलेली जाळी परत बसवून घेतली. बाकीचे शेजारच्या दुकानात जातात, आणि त्या दिवशी त्याची मजुरी कमी भरते. त्याच्या नीतीचा खर्च तो एकटाच सोसतो आहे. या सत्राच्या फीपुरता तो आम्ही वाटून घेतला आहे. पुढच्या सत्राचे काय, हे त्याने विचारलेले नाही. आमच्या मनात मात्र तो प्रश्न रोज, रस्त्यावरून गाडी गेली की, पुन्हा उभा राहतो.