घरातल्या श्वासयंत्राची निगा : औषध महानियंत्रकांस खुले पत्र

मा. औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
नवी दिल्ली, यांचे सेवेशी

महोदय,



वैद्यकीय उपकरणांविषयीचे २०१७ चे नियम अंमलात आले आणि पुढे १ एप्रिल २०२० पासून देशात विकले जाणारे प्रत्येक वैद्यकीय उपकरण कायद्याच्या दृष्टीने औषधाच्या व्याख्येत समाविष्ट झाले, तेव्हापासून झोपेत श्वास अडकण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, घरोघर वापरले जाणारे सीपॅप यंत्रही आपल्याच दप्तराच्या देखरेखीखाली आले आहे; आणि म्हणूनच या यंत्राच्या विक्रीनंतर त्याच्या निगेचा जो भाग आज कोणाच्याच जबाबदारीत येत नाही, त्याबद्दलची ही दरखास्त मी आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे. परवाना द्यावयाच्या वेळी यंत्राची कागदपत्रे तपासली जातात. उपचार मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे रुग्णाच्या अंथरुणाशेजारी चालतो, आणि तो नीट चालतो की नाही हे आतल्या मोटारीपेक्षा मास्कच्या कडेवर, नळीतल्या ओलाव्यावर आणि बोटभर रुंदीच्या एका फिल्टरवर अधिक अवलंबून असते.

या विकारात झोप लागताच घशातील स्नायू शिथिल होऊन वरचा श्वासमार्ग मिटतो, छाती आणि पोट श्वास घेण्याची धडपड करीत राहतात परंतु हवा आत जात नाही, रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, आणि मेंदू रुग्णास क्षणभर जागे करतो तेव्हाच श्वास पुन्हा वाहू लागतो. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ असा खंड पडला की वैद्यकशास्त्र तो मोजते, आणि विकार तीव्र असेल तर तासाला तीसहून अधिक वेळा असे घडते. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा सोडून हा मार्ग रात्रभर उघडा ठेवता येतो हे दाखवून दिले. त्या आरंभीच्या काळात मास्क रुग्णाच्या चेहऱ्यावर रोज रात्री चिकटद्रव्याने बसवावा लागे, कारण कडेतून हवा निसटली की दाब टिकत नाही, आणि दाब टिकला नाही की उपचारच होत नाही. पुढच्या चार दशकांत यंत्र उशाशी मावेल एवढे लहान झाले, त्याचा आवाज मंदावला, रात्रीचा सगळा हिशेब ते स्वतः लिहून ठेवू लागले. परंतु चेहरा आणि यंत्र यांच्यामधला तो सांधा आजही तितकाच नाजूक राहिला आहे.

माझे यजमान हे यंत्र वापरतात आणि त्याची साफसफाई माझ्याकडे आहे. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. सकाळी मास्कचे कुशन, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी त्याची मऊ कड, सुटे करून मी ते कोमट पाण्यात, वास नसलेल्या सौम्य साबणाने धुते. कडेवरून बोट फिरवले की रात्रभराचा घाम आणि त्वचेचा तेलकटपणा यांचा बुळबुळीत थर बोटाला लागतो, आणि तो एखाद्या दिवशी तसाच राहिला तर त्या रात्री मास्क हमखास घसरतो, निसटलेली हवा डोळ्यांवर फुंकली जाते, आणि दुसऱ्या दिवशी डोळे लाल होतात. मास्कच्या पुढल्या बाजूस सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. रुग्णाचा उच्छ्वास बाहेर जावा यासाठी ती मुद्दाम ठेवलेली असतात, आणि साबणाचा फेस त्यांत वाळून बसू नये म्हणून मऊ ब्रशाने ती मोकळी करावी लागतात. आमच्या परिचयाच्या एका घरी हीच छिद्रे गळकी समजून त्यांवर चिकटपट्टी लावलेली मी स्वतः पाहिली आहे, म्हणजे बाहेर टाकलेलीच हवा तो मनुष्य पुन्हा पुन्हा आत घेत होता; त्या घरच्या मंडळींस मी दोष देत नाही, कारण ती छिद्रे कशासाठी आहेत हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणीही सांगितलेले नव्हते.

हे सांगण्याचे काम पुस्तिकेचे, असे कोणी म्हणेल. आमच्या यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत युरोपातील कितीतरी भाषा आहेत, मराठी नाही. आणि पुस्तिकेतील इंग्रजी मजकूर ज्यांस वाचता येतो त्यांनाही तो आपल्या घराशी जुळवून घेणे कठीण जाते, कारण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपले हवामान नाही आणि आपल्या सवयीही नाहीत. रात्री डोक्याला खोबरेल तेल लावून निजण्याची रीत आपल्याकडे घरोघर आहे, ते तेल मास्कच्या पट्ट्यांत मुरते आणि कुशनलाही लागते, आणि तेल लागलेले कुशन चेहऱ्यावर नीट धरत नाही, हे त्या पुस्तिकेत कोठून यावे? धुतलेली वस्तू उन्हात वाळत घालावी हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार आहे. या यंत्राच्या बाबतीत मात्र कडक उन्हाने सिलिकॉन आणि प्लास्टिक लवकर निबर होते, म्हणून हे भाग सावलीतच वाळवावे लागतात. आणि जून ते सप्टेंबर कोकणात सावलीत काहीच वाळत नाही. त्या चार महिन्यांत नळी धुतल्यावर दोन्ही तोंडे खाली करून ती घरात टांगावी, आणि संध्याकाळी हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर बंद ठेवून यंत्राचीच हवा थोडा वेळ तिच्यातून जाऊ द्यावी, म्हणजे आतल्या वळ्यांत अडकलेले थेंब निघून जातात. हा उपाय आम्हांला एका अनुभवी रुग्णाने सांगितला, विक्रेत्याने नव्हे. ओलसर नळीत बुरशी धरते, आणि त्याच नळीतून रात्रभर श्वास घ्यावयाचा असतो.

पाण्याची कथा याहून अवघड आहे. ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालावे, ते रोज ओतून टाकावे, टाकी धुऊन कोरडी करावी आणि रात्री ताजे पाणी भरावे, असा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु तालुक्याच्या गावी डिस्टिल्ड वॉटर मागितले असता गॅरेजमधला, बॅटरीत घालावयाचा कॅन पुढे केला जातो, आणि ते पाणी माणसाने श्वासावाटे घ्यावे या हेतूने बनविलेले नसते. कित्येकजण नळाचे पाणी उकळून घालतात. उकळल्याने जंतू मरतात, क्षार मात्र जात नाहीत, उलट पाणी आटल्याने ते अधिक दाट होतात. मराठवाड्यातील बोअरच्या पाण्याने टाकीच्या तळाशी असलेल्या धातूच्या पत्र्यावर थोड्याच दिवसांत पांढरा, खरखरीत थर बसतो. घरच्या आरओ यंत्राचे पाणी त्या मानाने बरे, तरी डिस्टिल्ड पाण्याची बरोबरी ते करीत नाही. अशा परिस्थितीत खेड्यातल्या रुग्णाने नेमके काय करावे, कोणते पाणी एक रात्र चालेल आणि कोणते मुळीच चालणार नाही, एवढे दोन ओळींत छापणे कोणत्याही कंपनीस जड जाऊ नये.

फिल्टरविषयी थोडक्यात लिहिते. आमच्या भागात तो काळा न पडता तांबूस पडतो, कारण चिऱ्याच्या खाणींची आणि रस्त्याची तांबडी धूळ हवेत असते. पुण्यामुंबईकडे बांधकामांची राखाडी धूळ तेच काम करते. कागदासारखा पांढरा फिल्टर धुवावयाचा नसतो, मळला की टाकून द्यावयाचा असतो; तरीही नवा सहजी मिळत नाही म्हणून लोक तो धुतात आणि दमट असतानाच परत बसवितात.

येथून मी माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. साफसफाई कितीही केली तरी हे भाग नाशवंत आहेत. कुशन पिवळे पडते, कडेला निबर होते किंवा बारीकशी चीर पडते. पट्ट्यांची ताण धरण्याची शक्ती जाते. नळीस वळणाशी डोळ्यांना न दिसणारे छिद्र पडते. टाकी धुरकट होते, तिच्या सांध्यास तडा जातो. यंत्राच्या पडद्यावर गळतीचा आकडा वाढू लागतो आणि घरचे माणूस त्यावर एकच उपाय जाणते, तो म्हणजे पट्टे आणखी आवळणे. त्यामुळे नाकाच्या दांडीवर प्रथम लाल वळ उठतो, मग कातडी सोलवटते, मग रुग्ण मास्क काढून ठेवू लागतो, आणि शेवटी ‘मला हे यंत्र मानवत नाही’ असे सांगून तो उपचारच सोडतो. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते आणि ती रिंग कोणत्याही बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानी सुटी मिळते. येथे मात्र नुसते कुशन मागावयास गेले असता आम्हांस, घाट चढून कोल्हापुरास गेल्यावर, सबंध मास्कच घ्यावा लागेल, कुशन सुटे येत नाही, असे उत्तर मिळाले. सबंध मास्कास काही हजार रुपये पडतात. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या मनुष्याने ते दर काही महिन्यांनी कसे खर्चावेत?

अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी विमा योजनेत या भागांच्या मुदती लिहून ठेवल्या आहेत: नाकाच्या मास्कचे कुशन महिन्यास दोन, तोंड व नाक झाकणाऱ्या मास्कचे महिन्यास एक, मास्कचा सांगाडा आणि नळी तीन महिन्यांनी, पट्टे आणि पाण्याची टाकी सहा महिन्यांनी, टाकाऊ फिल्टर महिन्यास दोन. तेच वेळापत्रक आपण उचलावे असे मी सुचवीत नाही. एवढ्या झपाट्याने वस्तू बदलण्याची ऐपत आपल्या लोकांना नाही, आणि नीट राखलेले कुशन महिन्याहून पुष्कळ अधिक टिकते हे मी खात्रीने सांगू शकते. परंतु कोणता भाग कोणती लक्षणे दिसली म्हणजे बदलावा आणि लक्षणे न दिसली तरी जास्तीत जास्त किती काळ वापरावा, याचे उत्तर निर्मात्यास ठाऊक असते. ते वेष्टनावर छापावयाचा हुकूम आपण करू शकता.

अज्ञानाच्या या पोकळीत दुसरेच व्यापारी शिरतात. पाणी-साबणाची तसदी नको, पेटीत मास्क ठेवा आणि बटण दाबा, ओझोन वायूने सर्व काही निर्जंतुक होईल, अशा जाहिराती आपल्याकडेही पोहोचल्या आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२० मध्येच जाहीर केले होते, की ओझोन किंवा अतिनील किरणांनी सीपॅप स्वच्छ करणाऱ्या कोणत्याही यंत्रास त्या वेळी त्यांची कायदेशीर मान्यता नव्हती. जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने आपली लक्षावधी यंत्रे परत मागविली, कारण आवाज दबावा म्हणून आत बसविलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण व वायू रुग्णाच्या श्वासात जाण्याचा संभव दिसून आला. आणि ही झीज ओझोनसारख्या अमान्य स्वच्छतापद्धतींनी, तसेच उष्ण व दमट हवेने वाढू शकते, असे त्या वेळी सांगण्यात आले. उष्ण व दमट हवा म्हणजे आमची बाराही महिन्यांची हवा, महोदय. हातोहात विकली जाणारी जुनी यंत्रे आणि भाड्याने फिरणारी यंत्रे पाहिली की मला धास्ती वाटते. यंत्र परत मागविल्याची वार्ता तिसऱ्या घरी पोहोचविणार कोण, आणि तेथील मनुष्यास ती वार्ता आपल्या उशाशी असलेल्या यंत्राची आहे हे कळणार कसे?

तेव्हा माझी प्रार्थना अशी आहे. परवान्याच्या अर्जाबरोबर उपकरणाचे लेबल व वापरसूचना आपल्या दप्तरी येतातच. त्यांबरोबरच निगेचा एक पानी तक्ता, चित्रांसह, ज्या राज्यात यंत्र विकले जाईल त्या राज्याच्या भाषेत असल्याशिवाय सीपॅप किंवा त्याच जातीचे बायपॅप यंत्र विक्रीस जाऊ देऊ नये. कुशन, पट्टे, नळी, टाकी आणि फिल्टर हे भाग सुटे, छापील किमतीस आणि यंत्राची विक्री थांबल्यानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत पुरविण्याची हमी कंपनीकडून लेखी घ्यावी. जुलै २०२१ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने नेब्युलायझर, ग्लुकोमीटर, पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाबमापक आणि डिजिटल थर्मामीटर यांवरील व्यापारी नफ्यास मर्यादा घातली होती. सीपॅपच्या नाशवंत भागांचाही तसा विचार व्हावा, अशी शिफारस आपल्या संघटनेकडून त्या प्राधिकरणाकडे गेली तर तिला वजन येईल. ओझोनच्या पेट्यांचे दावे तपासून त्यांबद्दल जाहीर निवेदन काढावे. विक्रीच्या वेळी यंत्राचा अनुक्रमांक आणि ग्राहकाचा पत्ता नोंदवून ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक करावे, आणि यंत्र हात बदलील तेव्हा ही नोंद बदलण्याचीही सोय असावी.

आणखी एक गोष्ट. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे आणि गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे काम पाहतो. रुग्णास स्वतः तेथे तक्रार नोंदविण्याची मुभा आहे. परंतु नाकावर जखम झालेला मनुष्य ती जखम मास्कची म्हणून कोठे कळविण्यासारखी आहे अशी कल्पनाही करीत नाही, आणि अशा जखमा कोणाच्याच दप्तरी दाखल होत नाहीत. त्या कार्यक्रमाचा पत्ता मी वर मागितलेल्या तक्त्याच्या तळाशी छापला जावा.

घरी भिंतीवर लावण्यासाठी मी असा एक तक्ता मराठीत तयार केला आहे आणि आमच्या डॉक्टरांनी तो तपासून दिला आहे. त्यात रोजची, आठवड्याची आणि पावसाळ्यातील कामे निरनिराळी लिहिली आहेत आणि छिद्रांचे चित्र मोठे काढले आहे. त्याची प्रत या पत्रासोबत जोडीत आहे. आपल्या तज्ज्ञांनी त्यात अवश्य दुरुस्त्या कराव्या आणि उपयोगाचा वाटल्यास कोणत्याही कंपनीस तो विनामूल्य छापू द्यावा. माझी हरकत नाही आणि त्यावर माझे नाव घालण्याचे कारण नाही.

कळावे,

आपली विश्वासू,
रत्नागिरी जिल्ह्यातील एका रुग्णाची पत्नी